अनंत मॅट्रिक्स कापताना शेवटचा घटकही पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भौतिकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या प्रकल्प-अहवालांत एक वाक्य वारंवार भेटते : ‘मॅट्रिक्सचा आकार दुप्पट करून पाहिला, उत्तर फारसे बदलले नाही, म्हणून उत्तर बरोबर.’ मूळ प्रश्न अनंत मॅट्रिक्सचा असतो. संगणकात अनंत मावत नाही, म्हणून वरचा डावा चौकोन कापून घेतात, त्याची आयगेनमूल्ये (मॅट्रिक्स लावल्यावर एखादा सदिश, म्हणजे आकड्यांची रांग, दिशा न बदलता जितक्या पट होतो त्या संख्या) काढतात आणि तीच मूळ प्रश्नाची उत्तरे म्हणून छापतात. बहुतेक वेळा हे चालून जाते. जिथे चालत नाही तिथे मात्र संगणक कुठलीही तक्रार न करता चुकीचा आकडा आठ दशांश स्थळांपर्यंत नेटका छापून देतो. हा दोष दोन ओळींच्या तपासणीत पकडता येतो आणि ती तपासणी पदवीच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखी आहे. मराठीत याविषयी फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

सोप्यात सोप्या अनंत मॅट्रिक्स घेऊ : ज्यांत फक्त मधला कर्ण आणि त्याला लागून वरचा व खालचा असे तीनच कर्ण भरलेले, बाकी सगळीकडे शून्य. जर्मन गणिती याकोबी (१८०४–१८५१) यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. मालगाडी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक डबा फक्त पुढच्या आणि मागच्या डब्याला कपलिंगने जोडलेला असतो, तिसऱ्याशी त्याचा थेट संबंध नसतो. मधल्या कर्णावरचे आकडे ब१, ब२, ब३... हे डब्यांचे स्वतःचे गुण, आणि बाजूच्या कर्णांवरचे अ१, अ२, अ३... ही कपलिंगची ताकद. पहिली ओळ ब१, अ१, ०, ०... अशी, दुसरी अ१, ब२, अ२, ०... अशी, तिसरी ०, अ२, ब३, अ३... अशी. सगळे अ धन घ्यायचे. इंजिनापासून डबे मोजत निघालो आणि गार्डाचा डबा कधी आलाच नाही, अशी ही गाडी.

या मॅट्रिक्सना एवढे महत्त्व का, तर अमेरिकन गणिती मार्शल स्टोन यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले तसे, कितीतरी वेगळे दिसणारे स्वयंसंलग्न ऑपरेटर (सममित मॅट्रिक्सचे अनंतातले नेमके रूप) शेवटी याच रूपात आणता येतात. एक सदिश घ्या, त्यावर ऑपरेटर पुन्हा पुन्हा चालवा, प्रत्येक नवा सदिश आधीच्यांशी काटकोनात करून घ्या. ऑपरेटर सममित असल्यामुळे नव्या सदिशातून फक्त शेवटच्या दोघांचा भाग वजा करावा लागतो, त्याआधीच्यांचा भाग आपोआप शून्य येतो. म्हणून तीनच कर्ण. कॉर्नेलियस लांत्सोश यांनी १९५० मध्ये हीच कृती मोठ्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्ये काढण्यासाठी मांडली आणि ती आजही रोजच्या वापरात आहे.

आता ‘वर्णपट’ म्हणजे काय हे नीट ठरवले पाहिजे, कारण गोंधळाचे मूळ इथेच आहे. सांत मॅट्रिक्सचा वर्णपट म्हणजे तिची आयगेनमूल्ये, विषय संपला. अनंत मॅट्रिक्स चालते ती अशा सदिशांवर ज्यांच्या घटकांच्या वर्गांची बेरीज सांत असते. त्यामुळे एखादी संख्या वर्णपटात असूनही आयगेनमूल्य नसू शकते. मॅट्रिक्स स्वयंसंलग्न असेल तर वर्णपटाची कामापुरती ओळख अशी : संख्या क्ष वर्णपटात आहे, जर लांबी १ असलेले असे सदिश सापडत असतील की मॅट्रिक्स लावल्यावर ते स्वतःच्या क्ष पट होण्याच्या हवे तितके जवळ येतात. अगदी तंतोतंत क्ष पट होणारा एखादा सदिश सापडलाच, तर ते आयगेनमूल्य.

सगळे ब शून्य आणि सगळे अ एक घ्या. कापलेल्या चौकोनाची आयगेनमूल्ये सूत्रानेच मिळतात : आकार न असेल तर २ कोज्या (क·पाय/(न+१)), इथे क = १ पासून न पर्यंत. आकार ३ असता ती ०, ±१.४१४ येतात, आकार १० असता सगळ्यांत मोठे १.९१९; आकार १०० असता १.९९९. म्हणजे ती −२ ते २ या पट्ट्यात दाट भरत जातात आणि अनंत मॅट्रिक्सचा वर्णपट नेमका तोच पट्टा आहे. इथपर्यंत कापाकापी यशस्वी. पण त्या शंभर आकड्यांपैकी एकही अनंत मॅट्रिक्सचे आयगेनमूल्य नाही! क्ष = २ कोज्या (थीटा) घेतले तर उमेदवार सदिश ज्या (म्हणजे साइन) (थीटा), ज्या (२ थीटा), ज्या (३ थीटा)... असा, आणि तो अनंताकडे जाताना विरतच नाही, त्याच्या वर्गांची बेरीज सांत होत नाही. अहवालात ‘या अनंत साखळीची पहिली दहा आयगेनमूल्ये’ असा तक्ता असेल तर तो तक्ता साखळीचा नाही, कापणाऱ्याने निवडलेल्या आकाराचा आहे.

(जाता जाता एक सुंदर गोष्ट. याच मॅट्रिक्सचे सम घात घेऊन डाव्या वरच्या कोपऱ्यातला आकडा पाहत गेलात तर १, २, ५, १४, ४२ असे कॅटलान आकडे मिळतात. त्या कोपऱ्याचे वर्णपटीय वजन अर्धवर्तुळाच्या आकाराचे असते आणि त्या वजनाशी जुळणाऱ्या बहुपदी म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या चेबिशेव बहुपदी. वहीत हाताने करून पाहण्यासारखे आहे.)

आता फक्त पहिल्या डब्यात बदल करू : ब१ = २, बाकी पूर्वीसारखेच. दर पावलाला र पट होत जाणारा सदिश घेऊन पाहिले तर दुसऱ्या ओळीपासून पुढे क्ष = र + १/र येते आणि पहिल्या ओळीतून र = १/ब१. म्हणजे र = १/२, क्ष = २.५. सदिश दर पावलाला निम्मा होतो, वर्गांची बेरीज सांत राहते, म्हणून हे खरेखुरे आयगेनमूल्य. ब१ ची किंमत −१ ते १ मध्ये असेल, तर र (चिन्ह सोडून) एकापेक्षा लहान होत नाही आणि आयगेनमूल्य निर्माणच होत नाही. पट्ट्याला मात्र या बदलाने धक्का लागत नाही, तो −२ ते २ असाच राहतो; एका जागचा बदल वर्णपटाचा सलग पट्टा हलवू शकत नाही, हे हेर्मान वाइल यांच्या सिद्धांतातून येते. आता कापून पाहा. आकार २ ला सर्वांत मोठे मूल्य २.४१४, आकार ३ ला २.४८१, आकार ४ ला २.४९५५. दर वेळी चूक साधारण चौथाई होते. ‘आकार वाढवा आणि स्थिर झाले की थांबा’ हा सल्ला अशाच उदाहरणांवर पोसला गेला आहे.

पण पुढचे उदाहरण पाहा. ब सगळे शून्य, आणि कपलिंग आलटून पालटून : २, १, २, १... अशा साखळ्या कागदावरची करमणूक नव्हेत. पॉलिअ‍ॅसिटिलीन या वीजवाहक पॉलिमरचे सू, श्रिफर आणि हीगर यांनी १९७९ मध्ये मांडलेले प्रारूप याच साच्याचे आहे. दोन पावले एकदम घेऊन हिशेब केला की क्ष च्या वर्गाला १ ते ९ एवढीच जागा उरते. म्हणजे वर्णपट −३ ते −१ आणि १ ते ३ असे दोन पट्टे, मध्ये −१ ते १ मोकळी जागा. पहिले कपलिंग २ असल्यामुळे या मोकळ्या जागेत एकही आयगेनमूल्य नाही.

कापा आकार ५ ला. आयगेनमूल्यांत शून्य येते. ७ ला कापा, शून्य. १०१ ला, १००१ ला, तरी शून्यच. मधला कर्ण शून्य असला की विषम आकाराच्या प्रत्येक चौकोनाला शून्य हे आयगेनमूल्य असतेच. याहून स्थिर उत्तर दुसरे कुठले मिळणार? आणि ते साफ खोटे आहे. वर्णपटापासून ते पूर्ण एक एकक दूर आहे. तज्ज्ञ याला वर्णपटाचे प्रदूषण म्हणतात.

हे शून्य आले कुठून, हे त्याचा सदिश पाहिला की लगेच कळते. आकार ५ साठी तो १, ०, −२, ०, ४ असा आहे. शेवटाकडे फुगत गेलेला. त्याचा मुक्काम कापलेल्या टोकाशी आहे, म्हणजे आपण कात्रीने निर्माण केलेल्या आणि मूळ साखळीत नसलेल्या टोकाशी. आता हाच क्रम उलटा करा : १, २, १, २... मग शून्याचा सदिश १, ०, −१/२, ०, १/४ असा इंजिनाकडून विरत जाणारा येतो. इथे शून्य हे अनंत मॅट्रिक्सचे खरे आयगेनमूल्य आहे. आयगेनमूल्यांच्या यादीत दोन्ही ठिकाणी तेच ०.००००००००. नुसता आकडा पाहून खऱ्याखोट्याची निवड होणे शक्य नाही.

मग निवड करायची कशी? कापलेल्या मॅट्रिक्सचा आयगेनसदिश घ्या, त्याची लांबी १ करा, त्याच्यापुढे अनंत शून्ये जोडा आणि मूळ मॅट्रिक्स त्यावर चालवा. आतल्या सगळ्या ओळी तंतोतंत जुळतात. चूक राहते फक्त एका जागी, न+१ व्या ओळीत, आणि तिथे उरते (अन × शेवटचा घटक). अन म्हणजे कापताना तुटलेले कपलिंग. या गुणाकाराला मी ‘शेष’ म्हणेन. मॅट्रिक्स स्वयंसंलग्न असेल तर काढलेल्या आकड्यापासून शेषाएवढ्या अंतरात वर्णपटाचा किमान एक बिंदू असतोच. एक गुणाकार, बस्स.

वरच्या दोन साखळ्यांना ही कसोटी लावू. २, १, २, १ मध्ये आकार ५ च्या सदिशाच्या वर्गांची बेरीज १ + ४ + १६ = २१. शेवटचा घटक ४/√२१ = ०.८७३, तुटलेले कपलिंग २, शेष १.७४६. आकार वाढवत गेलात तरी तो १.७३ च्या आसपासच रेंगाळतो, कमी होतच नाही. १, २, १, २ मध्ये आकार ५ ला शेष ०.२१८ आणि आकार २१ ला ०.०००८५. फरक इतका ढळढळीत आहे. तोच फरक आयगेनमूल्यांच्या यादीत पूर्ण लपून राहतो.

शेषाची चाल आणखीही काही सांगते. सगळे अ एक असलेल्या पहिल्या उदाहरणात आकार १०० ला शेष जास्तीत जास्त ०.१४ येतो, आणि तो आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, रखडत रखडत कमी होतो. असा मंद उतार दिसला की समजावे, आपण पट्ट्यात आहोत. आकडा वर्णपटातला आहे, पण आयगेनमूल्य म्हणून छापण्यासारखा नाही. दर पावलाला ठरावीक पटीने घसरणारा शेष ही खऱ्या आयगेनमूल्याची खूण, आणि न घसरणारा शेष दिसला की कात्रीवर संशय घ्यावा. वाढत जाणारा शेषही असतो आणि तो सर्वांत गंभीर आजार दाखवतो. त्याचे उदाहरण मला नीट उलगडून दाखवायचे आहे.

ब सगळे शून्य, आणि अ१ = १, अ२ = ४, अ३ = ९, म्हणजे अन = न². पुन्हा कापून पाहू. आकार २ : ±१. आकार ४ ला शून्याच्या सर्वांत जवळची मूल्ये ±०.९१३. आकार ६ ला ±०.८८३. हळूहळू स्थिरावतेय असे वाटते ना? आता आकार ३ : ० आणि ±४.१२३. आकार ५ : ०, ±३.६०६ आणि त्यापलीकडे ±१८.४७. सम आकारांची मूल्ये एका यादीकडे जातात, विषम आकारांची वेगळ्याच यादीकडे. न कितीही मोठा घ्या, या दोन याद्या एकत्र येत नाहीत. आणि ‘आकार दुप्पट करून पाहा’ हा सल्ला इथे काय करतो पाहा : १०, २०, ४०, ८०, १६०. सगळे आकार सम! विद्यार्थ्याला विषम यादी कधी दिसणारच नाही. तपासणी म्हणून जे केले तेच दोषावर पांघरूण घालते.

यातली कुठली यादी खरी? दोन्ही, आणि त्यांच्याशिवाय अशा अगणित याद्या. प्रश्नच अपुरा विचारला गेला आहे. अनंत मॅट्रिक्सचे आकडे लिहिले म्हणजे ऑपरेटर ठरला असे आपण गृहीत धरतो, पण इथे तो ठरत नाही. एका डब्यातून पुढच्या डब्यात जायला लाटेला लागणारा वेळ साधारण १/अन धरा. एकूण प्रवासाचा वेळ मग १ + १/४ + १/९ + १/१६..., आणि ही बेरीज पाय² भागिले ६, म्हणजे १.६४५. गाडीला शेवट नसूनही लाट १.६४५ वेळात अनंताला पोहोचते. पोहोचल्यावर तिने काय करायचे, कुठल्या कलेने (फेजने) परत फिरायचे, हे मॅट्रिक्सच्या आकड्यांत कुठेही लिहिलेले नाही. ते वेगळे सांगावे लागते. अनंताशी एक सीमाअट द्यावी लागते. आपण ती दिली नाही तर कात्री ती देते. सम आकारावर कापले तर एक, विषम आकारावर कापले तर दुसरी, आणि कुणालाही न विचारता.

याउलट अन = न घेतले तर १ + १/२ + १/३... ही बेरीज अमर्याद वाढते, लाट सांत वेळात अनंताला पोहोचत नाही आणि ऑपरेटर एकच ठरतो. टॉर्स्टेन कार्लेमान या स्वीडिश गणितींची कसोटी हीच आहे : १/अन ची बेरीज अनंत असेल तर मॅट्रिक्स निःसंशय एकच ऑपरेटर ठरवते, मधल्या कर्णावर काहीही असो. कसोटी एकाच दिशेने चालते, हे विद्यार्थी हटकून विसरतात. बेरीज सांत आली म्हणजे बिघाड आहेच असे नाही. अन = न² ठेवूनच मधल्या कर्णावर ब = ३न² घाला; मधला कर्ण बाजूच्या दोघांवर मात करतो आणि ऑपरेटर पुन्हा एकच उरतो. म्हणून बेरीज सांत आली की थांबून मधला कर्ण पाहायचा. ही जाण जुनी आहे. स्टील्ट्येस यांनी १८९४–९५ मध्ये छेदात छेद, पुन्हा छेदात छेद अशा अनंत अपूर्णांकांचा अभ्यास करताना हाच घोळ ओळखला होता. दिलेल्या सगळ्या आघूर्णांशी (घातांच्या सरासऱ्यांशी) जुळणारे वजनाचे वाटप एकच की अनेक, या रूपात तो त्यांच्यापुढे आला. सम पायऱ्यांची आणि विषम पायऱ्यांची वेगवेगळी मर्यादा त्यांच्या अपूर्णांकांतही होतीच.

या उदाहरणात शेष काय म्हणतो? विषमाकारांतल्या शून्याचा सदिश आकार ५ साठी १, ०, −१/४, ०, ९/६४. लांबी १ केल्यावर शेवटचा घटक आकार ३ ला ०.२४३, आकार ५ ला ०.१३५, आकार ७ ला ०.०९३. उतरता आहे, चांगले लक्षण वाटते. पण तुटलेली कपलिंग ९, २५, ४९ आहेत. गुणाकार येतात २.१८, ३.३८, ४.५८. शेष वाढतो आहे. म्हणून नुसता शेवटचा घटक पाहून समाधान मानू नये, गुणाकार करूनच पाहावा. अर्धी कसोटी लावणाऱ्याला हेच उदाहरण पाडते.

अशी मॅट्रिक्स व्यवहारात कुठे येते असे कुणी विचारेल. जिथे एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याचा दर पायरीच्या क्रमांकाच्या वर्गाने किंवा त्याहून वेगाने वाढतो तिथे येते. क्वांटम प्रकाशशास्त्रातील अरेषीय प्रारूपे आणि लोकसंख्येची जन्म-मृत्यू प्रारूपे ही दोन ठळक क्षेत्रे. लोकसंख्येच्या प्रारूपात ‘सांत वेळात अनंत’ याला स्फोट असेच नाव आहे.

संगणकाच्या बाजूने काही गोष्टी. तीन कर्णांची मॅट्रिक्स पूर्ण चौकोन म्हणून साठवू नका. आकार १०,००० असेल तर पूर्ण चौकोनात १० कोटी आकडे, म्हणजे ८०० मेगाबाइट. दोन याद्या साठवल्या तर १९,९९९ आकडे, १६० किलोबाइट. सायपाय आणि लॅपॅक या गणिती आज्ञासंग्रहांत, दोन्हींत तीन कर्णांच्या सममित मॅट्रिक्ससाठी वेगळ्या आज्ञा आहेत. त्यांना या दोन याद्याच लागतात आणि हवा असेल तर फक्त ठरावीक पट्ट्यातलाच वर्णपट त्या काढून देतात. आयगेनसदिश मागण्याचा पर्याय बंद ठेवू नका, नाही तर शेष काढणार कशातून?

क्ष च्या खाली किती आयगेनमूल्ये आहेत, एवढेच हवे असेल तर आयगेनमूल्ये काढायचीही गरज नाही. पहिला आकडा ब१ − क्ष. पुढचा प्रत्येक आकडा : त्या जागचा ब, वजा क्ष, वजा (आधीच्या अ चा वर्ग भागिले आधीचा आकडा). जितके आकडे ऋण तितकी आयगेनमूल्ये क्ष च्या खाली. ब१ = २ च्या आकार ३ च्या उदाहरणात क्ष = १ घ्या : पहिला १, दुसरा −१ − १ = −२, तिसरा −१ + १/२ = −०.५. दोन ऋण, म्हणून दोन आयगेनमूल्ये १ च्या खाली; खरोखरच ती −१.१७० आणि ०.६८९ आहेत. क्ष = २ घेतलात तर पहिलाच आकडा शून्य येतो आणि पुढे शून्याने भागावे लागते. अशा वेळी शून्याच्या जागी अतिसूक्ष्म आकडा ठेवून पुढे जातात. तयार आज्ञा हे स्वतः सांभाळतात, पण स्वतः लिहिलेला कोड इथे अडखळतो.

लांत्सोशच्या कृतीचा दोष वेगळा. कागदावर सदिश आपोआप काटकोनात राहतात. संगणकात प्रत्येक पायरीला शेवटचा अंक तोडला जातो आणि काही पायऱ्यांनी तो काटकोन ढळतो. मग आधीच सापडलेले आयगेनमूल्य पुन्हा सापडते, तिसऱ्यांदाही सापडते. सगळे अ धन असलेल्या मॅट्रिक्सला एकच आयगेनमूल्य दोनदा कधीही येत नाही, त्यामुळे यादीत जुळे दिसले की या भुताटकीची शंका घ्यावी. पण शंकाच, निकाल नव्हे. ब्रिटिश गणिती विल्किन्सन यांची २१ आकाराची प्रसिद्ध मॅट्रिक्स पाहा : मधल्या कर्णावर १० पासून उतरत ० आणि पुन्हा चढत १०, बाजूला सगळे १. तिची सर्वांत मोठी दोन मूल्ये दशांशानंतर १२ अंकांपर्यंत सारखीच, १०.७४६१९४१८२९०३, आणि तरीही ती दोन वेगळी मूल्ये आहेत. इलाज म्हणजे प्रत्येक नवा सदिश आधीच्या सगळ्यांशी पुन्हा काटकोनात करून घेणे. वेळ जास्त लागतो, पण यादी स्वच्छ येते.

शेवटी त्या मॅट्रिक्सविषयी, जिच्या वर्णपटाचे चित्र अनेकांनी ‘हॉफस्टॅटरचे फुलपाखरू’ म्हणून पाहिले असेल. ही साखळी दोन्ही बाजूंना अनंत असते. अ सगळे एक, आणि मधल्या कर्णावर न व्या जागी २ल कोज्या (२ पाय (न·आल्फा + थीटा)); ल, आल्फा, थीटा या आपण निवडायच्या संख्या. चुंबकीय क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनचे हे प्रारूप हार्पर यांनी १९५५ मध्ये दिले आणि फुलपाखराचे चित्र १९७६ मध्ये आले. आल्फा अपरिमेय असेल आणि ल शून्य नसेल तर वर्णपट सलग तुकड्याविना, कॅन्टर संचासारखा असतो. हे सिद्ध करणाऱ्याला गणिती मार्क काक यांनी दहा मार्टिनी देऊ केल्या होत्या. आविला आणि झितोमिरस्काया यांची संपूर्ण सिद्धता २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ल ची किंमत धन असेल तर या वर्णपटाची एकूण लांबी ४ आणि ४ल यांतील फरकाएवढी, त्यामुळे ल = १ ला ती चक्क शून्य. इथे कापण्याच्या दोषात आणखी एक भर पडते : संगणकात साठवलेली प्रत्येक संख्या परिमेयच असते. ‘अपरिमेय आल्फा’ म्हणून सोळा अंक भरण्यापेक्षा सुवर्णगुणोत्तराच्या अपूर्णांकी भागासाठी (०.६१८...) ५/८, ८/१३, १३/२१ असे अपूर्णांक उघडपणे घ्यावेत, प्रत्येकासाठी आवर्ती मॅट्रिक्सचे पट्टे काढावेत (१३/२१ ला नेमके २१) आणि पट्ट्यांची एकूण लांबी कशी घटते ते पाहावे. सरळ कापून काढलेल्या यादीत पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागांत तुरळक ठिपके दिसतात. त्यांचे सदिश पाहा, ते बहुधा कापलेल्या टोकालाच चिकटलेले आढळतील.

आता ज्यासाठी हे लिहिले ती विनंती. पदव्युत्तर गणितात हिल्बर्ट अवकाशाचे प्रमेय शिकवले जाते आणि भौतिकशास्त्रात संगणकावर मॅट्रिक्स सोडवली जाते. दोन्ही वर्गांच्या मध्ये हा विषय पडून राहतो. चार तासांत तो शिकवून होतो : एक तास साध्या साखळीला, एक ब१ बदललेल्या साखळीला, एक २-१ च्या साखळीला, एक न² ला. यातल्या छोट्या चौकोनांचे सगळे आकडे साध्या कॅल्क्युलेटरवर काढता येतात. आणि प्रकल्प तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी आयगेनमूल्यांच्या तक्त्यात दोन रकाने जास्तीचे मागावेत. पहिल्यात शेष. दुसऱ्यात आकार एकाने वाढवल्यावर (दुप्पट करून नव्हे) आलेले मूल्य. २-१ च्या साखळीत आकार १०१ च्या शून्यापुढे शेष १.७३ लिहिला जाईल आणि आकार १०२ चा रकाना −१ ते १ मध्ये रिकामा राहील.

आपला नम्र,
गणिताचा एक शिक्षक